पाण्यातला पंखा

माझ्या आत्याला कुणी "साधीसुधी बाई" म्हणालं की आजही माझं डोकं फिरतं. साधी ती कधीच नव्हती. साधी माणसं दुसऱ्याचं ऐकून घेतात. आत्याने उभ्या जन्मात फक्त इंजिनांचं ऐकून घेतलं, तेही त्यांना पुरतं दमवून.

ट्रॅक्टर दुरुस्तीच्या कारखान्यात ती ब्रेकवर होती. हा ब्रेक म्हणजे गाडी थांबवायचा नव्हे. दुरुस्त झालेलं इंजिन गिऱ्हाइकाच्या हवाली करण्याआधी ते खरंच ओढतं का, हे बघायचं यंत्र. पिंपासारखं लोखंडी धूड आणि आत पाणी. इंजिनाचा दांडा त्या पाण्यात एक पात्यांचं चाक फिरवतो, पाणी त्याला अडवतं, आणि किती जोराने अडवलं ते बाहेर काट्यावर दिसतं. शेजारी एक हातचाक. ते आवळलं की आतले पडदे सरकतात आणि पाण्याची पकड वाढते. सैल सोडलं की इंजिन मोकळं होतं. म्हणजे शेत नाही, नांगर नाही, ढेकूळ नाही, तरी इंजिनाला वाटतं आपण नांगरतोय. इंजिनाला असं बनवण्यात आत्याचा हात धरणारं कुणी नव्हतं.

तिथे ती लागली होती खरं तर पाणी भरायला आणि फरशी पुसायला. ब्रेकवरचा माणूस एक दिवस फोरमनशी भांडून निघून गेला. इंजिनं साचायला लागली. मालक हातचाकापाशी उभे राहून नुसतेच डोकं खाजवत होते, तेव्हा आत्याने बादली खाली ठेवली आणि म्हणाली, "सरका." एवढीच तिची मुलाखत. त्यानंतर तिला सगळे ब्रेकबाई म्हणायला लागले, आणि ज्या इंजिनावर ती खडूने बरोबरची खूण करायची, त्याला मालकही पुन्हा हात लावायचे नाहीत.

ती खोली मला अजून डोळ्यांपुढे दिसते. पत्र्याचं छप्पर, खांद्याच्या उंचीपर्यंत तेलाने काळ्या झालेल्या भिंती, जाळीची एकच खिडकी, ओल्या लोखंडाचा आणि डिझेलचा वास. आत्याच्या अंगात निळा डगला, कानात कापूस, डोळे काट्यावर आणि उजवा हात चाकावर. नांगर कडक मातीत रुतला की काय होतं, ते ती आवळून दाखवायची. माती भुसभुशीत लागली की जरा ढील द्यायची. आणि दर थोड्या वेळाने चाक पुरतं सैल करायची. "बांध आला," म्हणायची, "वळू दे बिचाऱ्याला." ट्रॅक्टर बांधापाशी वळतो तेव्हा नांगर वर उचललेला असतो ना, तो हिशेब. हे तिला कुणी शिकवलेलं नव्हतं. मनगटातच बसलेलं होतं.

आता तिचा भाऊ, म्हणजे माझे बाबा. सुतार. दवाखान्यांची बाकं, दुकानांची फडताळं, शाळांचे फळे, असलं सगळं करायचे. गावाबाहेर ओढ्यापलीकडे विमान शिकवणाऱ्यांचं एक मैदान होतं. तिथले मोठे दरवाजे बाबांनी बनवले आणि मोबदल्यात विमान चालवायला शिकले. बरं, शिकून गप्प बसायचं ना? नाही. घरीच विमान बांधायला घेतलं. दोन माणसांचं, लाकडाचं आणि कापडाचं. त्याचा एक पंख कित्येक वर्षं आमच्या पुढच्या खोलीत आढ्याला टांगलेला होता. आम्ही त्याच्याखाली जेवलो, भांडलो, आजारी पडलो. पावसाळ्यात आई त्याच्या फळ्यांवर ओले कपडे घालायची आणि बाबा ओरडायचे, "अगं, वजन वाढतं त्याचं!" आई म्हणायची, "माझंही वाढलंय. मला कधी काढलंत का वाळत घालून?"

विमान झालं, पण इंजिन? विमानाचं तयार इंजिन हा विषयच नव्हता आमच्या घरात. बाबांनी भंगारातून एका जुन्या मोटारीचं इंजिन उचललं आणि त्याला पुढे लाकडी पंखा लावायची जुळणी केली. पंखा म्हणजे विमानाचा, स्वतः हाताने तासलेला. उड्डाण खात्याचे तपासनीस येऊन सांगाडा बघून गेले. सांगाड्याबद्दल खूश झाले आणि इंजिनाबद्दल म्हणाले, जमिनीवर भरपूर चालवून दाखवा, मग बघू.

पण खरी तपासनीस घरात होती. आई बाबांना म्हणाली, "तुमचे साहेब काय म्हणतात ते तुमच्यापाशी ठेवा. वन्सं पास म्हणाल्या तर बसा. नाही तर तो पंख मी चुलीत घालीन, सांगून ठेवते." मग आत्याकडे वळून, "वन्सं, भाऊ तुमचा आहे. त्याला वर पाठवायचं की वर नेऊन परत आणायचं, ते तुम्ही ठरवा."

नणंद-भावजयीचं एरवी फार गूळपीठ होतं अशातला भाग नाही. मिठावरूनसुद्धा त्यांचं वाजायचं. पण आईचा जगात एकाच गोष्टीवर विश्वास होता आणि ती गोष्ट म्हणजे आत्याचा कान.

मालकांनी सुट्टीच्या दिवशी ब्रेक वापरायला दिला. आम्ही हातगाडीवरून इंजिन नेलं. मी तेव्हा एका गिरणीतून काढलेली, संघटनेची पत्रकं वाटत हिंडणारी. आत्या मला पुढारीण म्हणायची. "पुढारीण, घोषणा देता येतात ना? मग काटे वाच मोठ्याने."

आत्याने इंजिन लावलं आणि नेहमीसारखं दमवायला घेतलं. कमी वेगात जोराने आवळलं, तर इंजिन खोकायला लागलं. "ओढत नाही हे," ती ओरडली. बाबांनी कार्ब्युरेटर उघडून काहीबाही फिरवलं, ठिणगीची वेळ बदलली. पुन्हा आवळलं. आता ओढायला लागलं. मग वेग वाढवून आवळलं, ढील दिली, बांधापाशी वळवलं, पुन्हा आवळलं. दुपारपर्यंत इंजिन तिच्या हाताखाली नांदायला लागलं. आत्याने खडू काढला आणि खूण केली. बाबांनी बहिणीला चक्क मिठी मारली. तिने त्यांना ढकललं, "हो तिकडे, तेल लागेल." तेल तिच्याच डगल्याला होतं.

मग इंजिन विमानावर चढलं. मैदानाच्या कडेला एक जाड बुंधा होता. त्याला दोराने विमान मागून बांधलं, आणि बाबांनी पंखा फिरवला. आई आली होती. काय तो वारा, काय ती धूळ! सगळे हसत होते. बाबांनी रेस पुरती दिली आणि ती तशीच धरून ठेवली, कारण विमानाला मैदान सोडून वर चढायचं तर रेस कमी करून चालत नाही. थोडा वेळ बरं चाललं. मग आवाज बसायला लागला. एखादा माणूस बोलता बोलता घोगरा होतो तसा. इंजिनाचं पाणी किती तापलं ते दाखवणारा काटा लाल पट्टीत गेला, आत काहीतरी टकटकायला लागलं, आणि इंजिन बंद पडलं. पंखा एकदा अर्धवट फिरून थांबला.

आई म्हणाली, अगदी हळू, "वन्सं, तुमचं पास म्हणजे काय असतं हो?"

आत्याचा चेहरा मी तसा पुन्हा कधी पाहिला नाही.

बाबा आधीच उखडलेले. "तुझा ब्रेक खोटारडा आहे, ताई."

"ब्रेक खोटं बोलत नाही! तुझं भंगार दुतोंडी आहे, सुताऱ्या. तिथे एक, इथे एक."

"मग खूण कशाला केलीस?"

तिने कानातला कापूस काढून तिथेच टाकला आणि तडातडा चालत निघून गेली. पुढे बरेच दिवस ती आमच्या घरी फिरकली नाही. इंजिन उघडलं तेव्हा एक व्हॉल्व्ह कडेने जळालेला निघाला. आई पंखाकडे बघून काही बोलायची नाही, आणि तेच बाबांना जास्त लागायचं. कारखान्यातही आत्या म्हणे काम तसंच करत होती, फक्त खूण करण्याआधी इंजिनापाशी उगाच उभी राहायची. फोरमन म्हणाला, "ब्रेकबाई, खडू संपला का?" तर त्याला अशी काही लाखोली मिळाली की तो बिचारा दोन दिवस त्या खोलीकडे वळला नाही.

मग एका सकाळी ती दारात उभी. ना हाक, ना विचारपूस. "सुताऱ्या, व्हॉल्व्ह बदललास? चल मैदानावर. आणि तो भाजीवाल्याचा लटकता काटा आण, मोठा."

तिने बुंधा आणि विमान यांच्या मधल्या दोरात तो काटा अडकवला. म्हणजे पंखा विमानाला किती ओढतो ते दिसावं. बाबांना म्हणाली, "हळू फिरव." फिरवला. काटा जागचा जेमतेम हलला. "आता दुप्पट." काटा दुपटीने नाही हलला, चौपट गेला. "आता थोडाच वेळ, पुरती रेस." काटा असा ताणला गेला की दोर गाणं म्हणायला लागला. त्या वेळी इंजिनाच्या वेगाचा काटा जिथे टेकला होता, तिथे आत्याने काचेवर लाल रंगाचा ठिपका दिला, मधल्या वेगांच्या जागाही तशाच रंगवल्या, आणि इंजिन बंद करायला लावलं.

"हा मेला नांगर नाहीच," ती म्हणाली. "नांगर पहिल्या पावलापासून ओढतो. हा हळू असताना फुकटात फिरतो आणि जोरात गेला की जीव काढतो."

"मग मी काय वेगळं सांगत होतो?" बाबा.

"तू काही सांगतच नव्हतास. तू मिठी मारत होतास."

चूक तिच्या ध्यानात आली होती. हळू वेगात जोर लावून तिने इंजिनाकडून असं काम मागितलं होतं, जे पंखा कधी मागणारच नव्हता, आणि त्या मागणीसाठी बाबांनी कार्ब्युरेटर आणि ठिणगी बिघडवून ठेवली होती. आणि जिथे पंखा खरा छळतो, वरच्या वेगात, सतत, तिथे ती बांध आला म्हणून इंजिनाला दम खाऊ देत होती. आभाळात कुठला आलाय बांध?

पुढच्या सुट्टीला इंजिन परत ब्रेकवर, सोबत विमानातला तो ठिपक्यांचा वेगाचा काटाही. पंख्याच्या वजनाची एक जाड लोखंडी चकतीही दांड्यावर बसवली, कारण फिरणारं वजनही इंजिनाला कळतं. कार्ब्युरेटर आणि ठिणगी पहिल्यासारखी करून घेतली. आत्याने ठरवलं, पाण्याला पंखा व्हायला लावायचं. हळू वेगाला पकड एवढीशी, मधल्या वेगाला एवढी, पुरत्या वेगाला सगळी. मी काटे ओरडून सांगायची, बाबा रेस कमी-जास्त करायचे, आणि आत्या चाक फिरवत त्यांच्या मागे धावायची. ती पोचायच्या आत वेग बदललेला. ती आवळायची, वेग पडायचा. ती सोडायची, वेग उसळायचा. पोर बापाच्या कडेवरून आईकडे आणि आईकडून परत बापाकडे झेपावतं तसं इंजिन वर-खाली व्हायला लागलं. आई कोपऱ्यात जेवणाचा डबा मांडीवर घेऊन बसली होती, तिचं तोंड सुकत चाललेलं.

"ताई, मागे पडतेस तू!"

"तू जरा धीराने रेस दे की! घोड्यावर बसलायस का?"

"आधी आवळायला हवं होतं!"

"मग घे, तूच कर!" असं म्हणून आत्याने चाक सोडलं, चार पावलं मागे गेली आणि हाताची घडी घालून भिंतीला टेकली. डगल्याला काजळी लागली, तिचं लक्ष नव्हतं.

बाबांनी चिडून रेस खाली ओढली. मी सवयीने काटे वाचत होते. वाचता वाचता थांबले.

"काय झालं? ओरड ना!" बाबा.

"बाबा, परत वर न्या. सावकाश."

त्यांनी नेली. वेग वाढला तशी पाण्याची पकड आपोआप वाढली. चाकाला कुणी शिवलेलं नव्हतं. हळू वेगाला काटा जेमतेम, दुपटीला चौपट. मैदानावर भाजीच्या काट्याने दाखवलं होतं तसंच.

आत्या भिंतीपासून पुढे आली. काटा बघितला, चाक बघितलं, परत काटा. वारा असो की पाणी, त्यात पातं फिरवलं की दोघं सारखंच वागतात. ही गोष्ट त्या पिंपात पहिल्या दिवसापासून होती. इतकी वर्षं तिचा हातच मधे येत होता. ट्रॅक्टरसाठी यावाच लागायचा म्हणा. पण ज्या हातावर तिने नाव कमावलं, तो इथे काढून घ्यायचा होता. हे गिळायला तिला जड गेलं, ते मी पाहिलं. तिने एकदा पुरत्या रेसला चाक असं लावलं की वेगाचा काटा बरोबर तिच्या लाल ठिपक्यावर टेकला. मग खिळ्याला गुंडाळलेली तार काढली आणि चाक बांधून टाकलं.

"आता?" बाबांनी विचारलं.

"आता काय. तुझा पंखा झाला. जा, जायचंय तेवढा उंच."

आणि इंजिन चालत राहिलं. पुरत्या रेसवर, मग जराशा कमी रेसवर, पण दम खायला एक क्षण नाही. आत्या स्टुलावर बसली. तिला बसवेना. उठायची, चाकापर्यंत जायची, तारेला बोट लावायची, परत यायची. हात सारखे मांडीवर काहीतरी आवळत होते. शेवटी आईने पिशवीतून मटारच्या शेंगा काढल्या आणि तिच्या पुढ्यात ओतल्या. आवाजात बोलणं शक्यच नव्हतं, खुणेनेच सांगितलं, सोला. एवढं इंजिन कानाशी गर्जतंय आणि नणंद-भावजय समोरासमोर बसून मटार सोलतायत! मालक सहज डोकावले, हे बघितलं आणि आल्या पावली परत गेले.

त्या दिवशी दुपारी इंजिन तापलंच. पण तापलं ते आमच्यासमोर, जमिनीवर. बाबांनी पुरत्या रेसला पेट्रोल जास्त मिळेल असं केलं, पाणी थंड करायची जाळी मोठी लावली. पुढच्या सुट्टीला परत चाक बांधलं, परत मटार. त्याच्या पुढच्या सुट्टीलाही. त्या महिन्यात आमच्या घरी मटाराशिवाय दुसरं काही शिजलं की नाही, मला आठवत नाही. आठवतं ते एवढंच की एका संध्याकाळी इंजिन बंद केलं तेव्हा ते पहिल्या मिनिटाला जसं होतं तसंच होतं, आणि आईने विचारलं, "वन्सं?"

आत्या म्हणाली, "बसू दे त्याला."

तपासनीस येऊन गेले, त्यांनी सही केली. उडायचा दिवस ठरला, तो कामाचा दिवस होता. आत्या मैदानावर यायला तयार नाही. "मी येऊन काय करू? मान वर करून बघत बसू? ओढ्यापलीकडचा आवाज इथे येतो." आई मला म्हणाली, "तू त्यांच्याजवळ थांब. मैदानावर मी आहे." म्हणून मी त्या सकाळी ब्रेकच्या खोलीत होते.

ब्रेकवर एक मोठं ट्रॅक्टरचं इंजिन नांगरत होतं. आत्याचा हात चाकावर, नेहमीसारखा. मधेच तिने कानातला कापूस काढला आणि इंजिनाचं डिझेल तोडलं. चालू तपासणीत असं तिने कधी केलं नव्हतं. इंजिन गचकून थांबलं. खोली एकदम मोकळी झाली. बाहेरच्या हातोड्यांनाही काहीतरी चुकल्यासारखं वाटलं असावं. एकेक करून तेही थांबले.

फोरमन धावत आला. "ब्रेकबाई! मधेच बंद? मालक—"

"एक चालू आहे ना. तेवढं ऐक."

पत्र्यावरून आवाज येत होता. पुरत्या रेसचा, चढणारा. आम्ही तिघं वर पत्र्याकडे बघत उभे, जसं काही त्यातून दिसणारच होतं. आत्या पुटपुटत होती, "चढतोय... चढतोय... आता थोडी कमी केली... हां." आवाज ओढ्याकडे गेला, वळला, परत डोक्यावर आला. घोगरा झाला नाही. तिसऱ्यांदा आला तेव्हा फोरमनने टोपी काढून हातात घेतली, कशासाठी ते त्यालाही माहीत नसेल.

मग आवाज गेला.

"उतरत असतील," मी म्हणाले.

आत्याचं तोंड पांढरंफटक पडलं होतं. बाहेर कुठेतरी पाना खाली पडला, तर तिने तिकडे असं बघितलं की पाडणाऱ्याने तो उचललाच नाही. ऐकत राहिलो. ओढा, कावळा, कुणाचा तरी खोकला. आणि मग लांबून, जमिनीच्या अंगाने, इंजिनाची फुर्रफुर्र आली आणि मधेच रेसचा एक छोटा झटका. विमान स्वतःच्या पायांनी मैदानावरून परत येत होतं.

फोरमन टोपी घालत म्हणाला, "झालं ना? आता चालू करू?"

"थांब. जरा दम खाऊ दे."

"इंजिनाला?"

"मला रे, गाढवा," आत्या म्हणाली आणि त्या तेलकट फरशीवरच बसली.